पालखेडची मोहीम मेजावर

दिवाळीत पुण्यातील अंगणांतून मातीचे किल्ले उभे राहतात आणि बाजारातून आणलेले मावळे त्यांच्या बुरुजांवर पहारा देतात. परंतु त्याच मावळ्यांना खाली उतरवून मेजावरच्या नकाशावर चालविले, तर इतिहासाचे एक निराळेच अध्ययन आरंभ होते. प्रशियाच्या लष्करासाठी असा युद्धखेळ राईसविट्झ या लष्करी अधिकाऱ्याने १८२४ साली नियमबद्ध केला. आपण त्यासाठी पेशवा बाजीराव व निजाम यांच्यातील १७२७-२८ ची पालखेडची मोहीम घ्यावी, असा माझा आग्रह आहे. निजामाच्या फौजेस, तोफखाना व बाजारबुणगे यांच्या भारामुळे, प्रत्येक डावात एकच घर चाल द्यावी आणि बाजीरावाच्या स्वारांस तीन; रसद, दाणावैरण व पाणी यांचा जमाखर्च स्वतंत्र वहीत मांडावा, आणि शत्रूचा खरा मुक्काम केवळ तिऱ्हाईत पंचासच ठाऊक असावा. मग निजाम पुण्यात उतरला असताही पेशवा पुण्याच्या बचावास न धावता औरंगाबादेच्या रोखाने का वळला, आणि जड तोफा मागे टाकून धावलेला निजाम पालखेडला पाण्यावाचून कोंडला जाऊन ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावच्या तहास कसा राजी झाला, हे खेळणाऱ्यास स्वतःच्या निर्णयांतून उमगते. आरंभी तुकड्या थोड्याच घ्याव्यात; वैरणीची वही मात्र पहिल्या डावापासून चोख ठेवावी.