तिसऱ्या पेडलाच्या मागे
(हीरक महोत्सवी माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



२०२३च्या जानेवारीत बडोद्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. अशा प्रदर्शनांत पाहणाऱ्याची नजर आधी रंगावर जाते, मग दिव्यांवर, मग आसनांच्या कातड्यावर. चालकाच्या पायापाशी वाकून पाहणारा विरळाच. शंभर वर्षांची गाडी रस्त्यावर आणावी की नाही, याचा निवाडा मात्र बराचसा तेथे, पेडलांपाशी होतो. म्हणून आजचा विषय एवढाच, की झिजलेले ब्रेकचे पेडल पुन्हा नीट बसवायचे म्हणजे काय करायचे? उदाहरण फोर्डच्या ‘मॉडेल टी’चे.

ही गाडी १९०८ ते १९२७ या काळात तयार होत होती आणि तिची संख्या दीड कोटीच्या घरात गेली. उजव्या बाजूला सुकाणू असलेल्या गाड्या कॅनडातील कारखान्यातून ब्रिटिश साम्राज्यातील देशांत जात. १९२६ मध्ये फोर्डने मुंबईत आपली भारतीय कंपनीही स्थापन केली.

गाडीला तीन पेडले आहेत, पण आजचा चालक तेथे बसला तर गोंधळून जाईल. डावे पेडल पूर्ण दाबले की गाडी संथ गियरमध्ये चालते, मधले दाबले की मागे जाते आणि उजवे दाबले की थांबते. वेग पायाने वाढवायचाच नाही. त्यासाठी सुकाणूखाली हाताने सरकवायची दांडी असते. काही वर्षांच्या गाड्यांत पेडलांवर ‘सी’, ‘आर’ आणि ‘बी’ ही अक्षरे ओतलेली आढळतात.

आता उजव्या पेडलाकडे येऊ. ते दाबल्याने चाकांपाशी काहीच घडत नाही. पेडलाचा आडवा दांडा गियरपेटीच्या झाकणातून आत गेलेला असतो. पेडल दाबले की दांडा वळतो, उताराच्या खाचेवरून बाजूला सरकतो आणि एका पोलादी पट्ट्याची दोन टोके जवळ ओढतो. पट्ट्याला आतून सुती विणीचे अस्तर असते. हा पट्टा तेलात फिरणाऱ्या ड्रमला आवळतो आणि गाडी मंदावते.

वर्षानुवर्षांच्या वापराने दांडा झिजतो, झाकणातील भोके लंबगोल होतात, खाचेचा उतार बोथट होतो. पेडल डुलू लागते, दांड्याभोवती तेल गळते आणि पाय थेट खालच्या फळीपर्यंत जाऊ लागतो. यावरचा सोपा इलाज सर्वांना ठाऊक असतो: झाकणावरचे दार उघडून दांड्याच्या टोकाचा नट आणखी आवळायचा. पेडल लगेच वर येते, मालकाचे समाधान होते. पण पट्टा फार आवळला तर पाय उचलल्यावरही तो ड्रमला घासत राहतो. अस्तर जळते, त्याचा सुती तंतू तेलात मिसळतो आणि इंजिनाच्या पुढच्या भागाला तेल पोहोचवणारी बारीक नळी तुंबते. ब्रेकच्या दुरुस्तीने इंजिन निकामी होते ते असे.

खरी दुरुस्ती वेळखाऊ आहे. झाकण उतरवायचे, पेडले बाहेर काढायची, झिजलेल्या दांड्यावर धातू भरून तो लेथवर मूळ मापाला आणायचा. लंबगोल भोके गोल करून त्यांत ब्राँझचे बुश बसवायचे. ही भोके एका रेषेत नसतील तर नवे बुश असूनही पेडल अडकते, म्हणून चांगला टर्नर येथे घाई करत नाही. नटाबाबत जुन्या कारागिरांची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. दारातून हात घालण्यापूर्वी ते नटाला दोरा बांधतात आणि आजूबाजूला फडके कोंबतात. नट आत पडला तर सगळी गियरपेटी खोलावी लागते. दोन पैशांच्या दोऱ्याने दोन दिवस वाचतात.

इतके केल्यावर पेडल घट्ट, नेमके आणि नव्यासारखे लागते. सर्वांत मोठा धोका येथेच दडलेला आहे. ड्रमने अडवलेली गती चाकांपर्यंत पोहोचते ती लांब दांड्यातून आणि मागच्या आसातील पिनियन व क्राऊन व्हीलमधून. ही दोन चाके एकमेकांत गुंतून राहावीत म्हणून आसात मूळ कारखान्याने बॅबिट या मऊ मिश्रधातूचे वॉशर बसवलेले असत. काळाच्या ओघात ते भुगा होतात. मग क्राऊन व्हील बाजूला सरकते, दात सुटतात आणि उतारावर पायाखालचे पेडल पूर्वीइतकेच घट्ट लागत असताना गाडी मोकळी धावू लागते. मधले पेडल दाबूनही उपयोग नाही, कारण त्याची वाटही त्याच दातांतून जाते. उरतो तो मागच्या चाकांवरचा हातब्रेक, आणि तो उभी गाडी धरून ठेवण्यापुरताच बनवलेला आहे.

म्हणून जाणकार मालक पेडलाच्या कामासोबत मागचा आसही उघडतात आणि बॅबिटऐवजी ब्राँझचे वॉशर घालतात. मूळपणाचे अभिमानी येथे नाक मुरडतात. भारतात २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी होते आणि गाडी मूळ रूपात असावी अशी त्या नियमांची अपेक्षा आहे. ती अपेक्षा योग्यच. पण आसाच्या पोटातला, कोणालाही न दिसणारा वॉशर बदलल्याने गाडीचे रूप बिघडते असे म्हणणे हा हट्ट झाला. मागच्या आसनावर नातवंडे बसणार असतील, तर हा हट्ट महागात पडू शकतो.

सगळे जोडून झाल्यावर गाडी सपाट जागेवर आणतात आणि इंजिन बंद ठेवून हाताने ढकलून पाहतात. पट्टा कोठे घासतो आहे का, हे हाताला कळते. मग पेडल दाबून ते फळीच्या वरच थांबते का ते पाहायचे आणि पुन्हा एकदा ढकलायचे. गाडी जागची हलली नाही, तर इंजिन सुरू करायला हरकत नाही.