लाल झालेलं लोखंड

चोरखमाऱ्याच्या तलावाकडच्या गावांत ज्यांनी लोहाराचा भाता पाहिलाय, त्यांना हे अर्धं माहीतच आहे. विळा घडवताना लोहार लोखंड वितळवत नाही. ते लाल झालं की घणाखाली मुकाट वाकतं.

आगीत सापडलेल्या पोलादी चौकटीच्या उंच इमारतीचंही तसंच. पोलाद वितळायला सुमारे 1500 अंश सेल्सिअस लागतात, पण 600 अंशांच्या आसपासच त्याची निम्मी ताकद जाते. शिवाय ते लांबतं: दहा मीटरची तुळई 500 अंशांनी तापली, तर सहा सेंटिमीटर! 11 सप्टेंबर 2001 ला, विमानहल्ल्यांच्या दिवशी, न्यूयॉर्कमध्ये एक 47 मजली इमारत अशीच पडली. तिला विमान धडकलंच नव्हतं. तास न् तास आग धुमसली, लांबलेल्या तुळयांनी एक मोठी तुळई आधारावरून ढकलली, आणि मजले कोसळत गेले.

मुंबईत 21 जून 2012 ला मंत्रालयाचे वरचे मजले जळाले, माणसं दगावली. सांगाडा मात्र उभा राहिला. तिथल्या सळया काँक्रीटच्या पोटात होत्या, आणि काँक्रीट उष्णता सावकाश आत सोडतं. उघड्या पोलादाला मग खास रंग देतात. आगीत तो भाकरीसारखा टम्म फुगतो, उष्णता अडवून धरतो, आणि माणसांना जिने उतरायला वेळ मिळतो.