मानेवरचा काळा पट्टा

श्रोते हो, मी डॉक्टर नव्हे. तालुक्याच्या गावी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. रोगराईविषयी अशा माणसानं बोलावं हे कुणाला विचित्र वाटेल. म्हणून ज्या प्रसंगानं मला या विषयात ओढलं, तोच आधी सांगतो.

अकरावीच्या वर्गात एक मुलगा होता. हातपाय काटक, पोट तेवढं शर्टाच्या गुंड्यांशी भांडणारं. हजेरी घेताना त्याच्या मानेकडे माझी नजर गेली. मान काळीकुट्ट! भर वर्गात म्हणालो, "अरे, आंघोळ करताना जरा मानही घासत जा!" वर्ग हसला. पोरानं मान खाली घातली, तो काळा पट्टा अधिकच दिसू लागला.

दोनेक महिन्यांनी त्याची आई भेटली. म्हणाली, "सर, वजरीनं घासून घासून पोरानं रक्त काढलं, पण काळं काही जाईना. शेवटी दवाखान्यात नेलं. उपाशीपोटी साखर ११८ निघाली."

उपाशीपोटीची साखर १०० च्या आत हवी. १२६ किंवा त्याहून अधिक आली आणि पुन्हा तपासूनही तशीच निघाली, म्हणजे मधुमेह. हा मुलगा मधल्या उंबरठ्यावर उभा होता.

मानेवर, काखेत मखमलीसारखी जाड, काळी पडलेली कातडी हा पुष्कळदा मळ नसतो. अंगात चरबी, विशेषतः पोटात, साठली की इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो. मग स्वादुपिंड ते जास्त जास्त तयार करतं. साखर काही काळ ताब्यात राहते, पण त्या जादा इन्शुलिननं कातडी जाड होते. म्हणजे साखर वाढण्याआधीच शरीर आपल्याला चिठ्ठी पाठवतं. प्रत्येक काळ्या मानेचं कारण हेच असतं असं नाही. ते डॉक्टरांनी ठरवावं.

हृदयाचंही असंच आहे. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली. १९५३ साली त्यांनी लिहिलं की, सरासरी बावीस वर्षांच्या या जवानांपैकी दर चारांत तिघांच्या हृदयाच्या रोहिण्यांत बिघाडाच्या खुणा होत्या! आजार घोड्याच्या पावलांनी येतो असं आपण म्हणतो. हा मात्र मुंगीच्या पावलांनी येतो.

"आमची पोरं कुठं लठ्ठ आहेत?" असं तुम्ही म्हणाल. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गरोदर बायांचा व त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं इंग्लंडमधल्या बाळांहून पुष्कळ हलकी होती. स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानानं टिकून राहिलेली. वरून बारीक, आतून चरबीचं असं हे शरीर. तेव्हा नुसता तराजू फसवतो.

त्यापेक्षा सुतळी बरी. मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्या, तिची बरोबर निम्मी घडी घाला आणि श्वास सोडल्यावर पोटाभोवती गुंडाळा. टोकं जुळली नाहीत, तर त्याला तपासायला न्यावं. घरात आईबापाला मधुमेह असेल, मुलीची पाळी फार अनियमित असेल, तरीही न्यावं. रक्तदाब पाच मिनिटं स्वस्थ बसवून, दंडाला बेताच्या पट्ट्यानंच मोजावा. पट्टा लहान पडला की आकडा उगाच फुगतो. तेरा वर्षांपुढच्या मुलाचा दाब १२० वर ८० च्या आत असावा. जास्त आला तर घाबरू नये, वेगवेगळ्या दिवशी पुन्हा मोजावा.

शिक्षकबंधुभगिनींनो, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. त्याचं पथक शाळेत येतं. आपल्याला खटकलेली नावं त्या दिवशी त्यांच्या कानावर घालता येतात. सुतळी मात्र चारचौघांत लावू नका. माझ्यासारखं करू नका.

त्या मुलानं बाटलीतली गोड पेयं आणि रोजचा वडापाव सोडला, मोटारसायकल ठेवून सायकल काढली. त्याला उपाशी ठेवायचं नाही, वाढतं वय आहे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सहा महिन्यांनी साखर ९६ आली. मी वर्गातच त्याची माफी मागितली. तो हसून म्हणाला, "सर, मान अजून काळीच आहे, पण आता मी ती घासत नाही."