मॉनिटरवर २६८

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, ‘एवढ्याशा बाळाच्या हृदयाचे ठोके बिघडले तर तुम्ही करता तरी काय?’ तर आज तेच.

आधी एक गोष्ट. अकाली जन्मलेल्या बाळाचे ठोके पडतात तेव्हा बहुतेक वेळा हृदयात दोष नसतो. बाळ श्वास घ्यायला विसरतं, म्हणून ठोके मंदावतात. तळपायाला हलकेच चोळलं की ते पुन्हा श्वास घेतं. अशा बाळांना आम्ही कॅफिन देतो. हो, तुमच्या कॉफीतलंच!

पण त्या रात्रीचं बाळ वेगळं होतं. मी तेव्हा निवासी डॉक्टर होते. ३२ आठवड्यांचं बाळ, वजन दीड किलो, वय चार दिवस. मॉनिटरवर ठोके २६८. एरवी असतात १२० ते १६० च्या आसपास. ताप नव्हता. कॅफिनचा डोस बरोबर होता. नाळेतून घातलेली लाईन कधी कधी आत सरकून हृदयाला टोचते, पण ती आदल्या दिवशीच काढलेली. आणि खरी खूण म्हणजे आकडा हलेचना. साधे वाढलेले ठोके बाळ रडलं की चढतात, झोपलं की उतरतात. इथे रडलं तरी २६८, झोपलं तरी २६८.

ईसीजी काढला. एसव्हीटी. म्हणजे बघा, हृदयातली वीज वरून खाली जाऊन थांबायला हवी, ती एका जादा वाटेने परत वर येते आणि गोल गोल फिरत राहते. काही तास बाळ हे सोसतं. दिवस-दोन दिवस असंच चाललं तर हृदय थकतं.

पूर्ण दिवसांच्या बाळाच्या चेहऱ्यावर बर्फाची पिशवी काही सेकंद ठेवून बघतात. दीड किलोचं बाळ लगेच गार पडतं, म्हणून मॅडम नको म्हणाल्या. अ‍ॅडिनोसिन काढलं. एका मिलीलीटरमध्ये ३ मिलिग्रॅम, आणि आम्हाला हवं होतं फक्त ०.१५. तेवढं सिरिंजमध्ये धड मोजताही येत नाही, म्हणून सलाईन घालून दहापट पातळ केलं.

आता चूक सांगते, माझीच. हे औषध रक्तात जेमतेम काही सेकंद टिकतं. मी ते पायाच्या शिरेतून दिलं, आणि मागून सलाईन ढकलायलाही क्षणभर उशीर केला. हृदयापर्यंत पोचेपर्यंत औषध संपलेलं. आकडा २६८ च.

मॅडम रागावल्या नाहीत. त्यांनी कोपराजवळ नवी शीर शोधली, डोस दुप्पट केला. थ्री-वेला दोन सिरिंज, शॉकचं मशीन शेजारी तयार. मी औषध ढकललं, सिस्टरने त्याच क्षणी सलाईन.

मॉनिटरवर सरळ रेघ.

हे औषध तेच करतं. वरून खाली जाणारी वीज क्षणभर अडवतं, की ते वर्तुळ तुटतं. मला हे माहीत होतं. काचेपलीकडे उभ्या असलेल्या आईला माहीत नव्हतं. तिला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं होतं. तिने काचेवर हात आपटला, “डॉक्टर, काय केलंत माझ्या बाळाला?” रेघ तीनेक सेकंदांचीच असेल. मग एक ठोका, दुसरा, आणि आकडा आला १५२.

मी बाहेर गेले, “ताई, बाळ बरं आहे,” म्हटलं. ती माझ्याकडे बघतच नव्हती. तिच्या जागी मीही बघितलं नसतं. आता मी सिरिंज भरायच्या आधी बाहेर जाऊन सांगते, “रेघ सरळ होईल, घाबरू नका, पुन्हा सुरू होईल.” अर्धं मिनिट लागतं.

पुन्हा होऊ नये म्हणून प्रोप्रॅनोलॉल सुरू केलं. त्याने साखर उतरू शकते, म्हणून दूध पाजल्याशिवाय डोस नाही, हे घरच्यांना तीनतीनदा सांगितलं. अशा बऱ्याच बाळांचा हा त्रास वर्षभरात सुटतो. बाळाच्या वडिलांना छातीला स्टेथोस्कोप लावून फोनच्या स्टॉपवॉचवर १५ सेकंद ठोके मोजायला शिकवलं. मोजताच येईना इतके भरभर असतील, बाळ दूध ओढत नसेल, पांढरं पडलं असेल, तर फोन करत बसायचं नाही, थेट दवाखाना. बोट कॅमेऱ्यावर ठेवायची अ‍ॅप इथे चालत नाहीत हां!

पुढे कितीतरी दिवस रोज रात्री त्यांचा मेसेज यायचा. एवढाच: “३६ गुणिले ४. १४४. झोपलाय.”