थिजलेल्या साखळ्यांची हालचाल

वाघोलीला नगर रस्त्यावर खडीच्या ट्रकमागून जाणाऱ्या दुचाकीस्वाराच्या हेल्मेटची पारदर्शक काच म्हणजे बहुधा पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक असतं. त्यातल्या रेणूंच्या लांब साखळ्या एकमेकींत गुंतून थिजलेल्या असतात; साधारण १४७ अंश सेल्सिअसच्या पुढेच त्या मोकळ्या सरकतात. पण थिजल्या तरी साखळीचे बारके तुकडे जागच्या जागी हलत असतात. खडा आदळला की या हालचालीमुळे धक्का जिरायला मदत होते, असं मानलं जातं. अ‍ॅक्रिलिकच्या साखळीला ही मुभा कमी, म्हणून ते चटकन तडकतं.

मात्र ही काच पेट्रोलनं किंवा थिनरनं पुसू नका. ते साखळ्यांमध्ये शिरून त्यांची पकड सैल करतं आणि बारीक चिरा पडतात. साबणाचं पाणी पुरे. काच बदलता येते, डोळा नाही.