व्यवसायोपचाराचे शिक्षण आणि कष्टकऱ्यांची मुले

(भाषणाचा मजकूर)



यंत्रात हात गमावलेल्या कामगाराला, पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेल्या शेतमजूर स्त्रीला पुन्हा स्वतःच्या हाताने जेवता यावे, अंघोळ करता यावी, कामावर परतता यावे यासाठी झटणारे शास्त्र म्हणजे व्यवसायोपचार. भारतात त्याचे पहिले विद्यालय १९५० मध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमलाबाई निंबकर यांच्या पुढाकाराने सुरू झाले. १९५२ मध्ये जागतिक व्यवसायोपचार महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. परंतु ज्या श्रमिकांना या उपचाराची सर्वाधिक गरज, त्यांची मुले-मुली या शिक्षणात कितपत टिकतात, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

दलित, आदिवासी, भटक्या समाजातील विद्यार्थ्याला राखीव जागेवर प्रवेश मिळाला म्हणजे लढा संपत नाही. शरीररचनाशास्त्र इंग्रजीत, परीक्षाही इंग्रजीत. मातृभाषेतून शिकून आलेला विद्यार्थी विषयाआधी शब्दांशी झगडतो आणि भाषेची ही अडचण बुद्धीची उणीव म्हणून मोजली जाते. प्रवेशपरीक्षेतील गुण विचारण्याच्या निमित्ताने जात विचारली जाते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील असा भेदभाव, अगदी वसतिगृहापासून तोंडी परीक्षेपर्यंत, प्रा. सुखदेव थोरात समितीने २००७ मध्ये नोंदवला होता. आरोग्यशिक्षणाच्या इतर शाखा त्यापासून मुक्त आहेत, असे मानण्यास आधार नाही.

दुसरा अडसर पैशाचा. महासंघाच्या किमान निकषांनुसार विद्यार्थ्याने १००० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण पूर्ण करावयाचे असते. आठवड्याला ४० तास धरले तर हे २५ आठवडे होतात. या काळात मोलमजुरी करून घरी पैसे धाडणे अशक्य. शिष्यवृत्ती रखडली की खानावळीचे बिल थकते. २००५ च्या ९३ व्या घटनादुरुस्तीने खासगी विनाअनुदानित संस्थांतही राखीव जागांचा मार्ग मोकळा केला. तेथील शुल्काची भिंत मात्र उभीच राहिली.

अपंग विद्यार्थ्यांची कथा याहून विदारक. २०१६ च्या कायद्याने सरकारी व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत त्यांच्यासाठी किमान ५ टक्के जागा राखल्या. तरीही, अपंगाला स्वावलंबी करण्याचे शास्त्र जेथे शिकवले जाते, तेथेच ‘हा उपचार कसा करणार?’ अशी शंका घेतली जाते.

यात नुकसान रुग्णाचेही आहे. परदेशी पाठ्यपुस्तकातील रुग्ण टेबलाशी बसून काट्याचमच्याने जेवतो, टबात अंघोळ करतो. येथील रुग्ण मांडी घालून हाताने जेवतो, उकिडवा बसतो, चुलीपुढे भाकरी थापतो, डोक्यावर हंडा वाहतो. या हालचाली लहानपणापासून पाहिलेल्या विद्यार्थ्याचे ज्ञान वर्गात गावंढळपणा ठरते. रुग्णाच्या खाटेपाशी तेच उपयोगी पडते.

२०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने व्यवसायोपचाराला केंद्रीय कायद्याच्या चौकटीत आणले. त्या चौकटीत भाषेचे पूरक वर्ग, भारतीय भाषांतील पारिभाषिक कोश, वेळेवर शिष्यवृत्ती, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन आणि विद्यार्थी-प्रतिनिधी असलेली तक्रार समिती यांना स्थान मिळाले पाहिजे. विद्यार्थी संघटना आणि रुग्णालयीन कामगारांच्या युनियन यांनी हा लढा एकजुटीने हाती घेतला पाहिजे. जायबंदी कामगाराला पुन्हा उभे करणारे हात त्याच्याच वस्तीतूनही यावेत, ही मागणी दयेची नव्हे, हक्काची आहे.