फुकटच्या कामाचा चोख हिशोब

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत एका ज्येष्ठ सभासदांनी दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला सांगितलं, "काका, बँकेतल्या आठवणी सांगा." पण बँकेतल्या आठवणी तुम्ही गच्चीवरच्या कोजागरीला दरवर्षी ऐकता. आज दुसरा विषय घेतो. विषय कॉम्प्युटरचा आहे, पण घाबरू नका, मुळात तो हिशोबाचाच आहे.

२००१ साली मी बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली. हाती वेळ होता आणि घरात मुलीच्या अभ्यासासाठी घेतलेला कॉम्प्युटर होता. तो दिवसातले बरेच तास नुसता चालू असायचा. अशा रिकाम्या कॉम्प्युटरांना शास्त्राच्या कामाला जुंपायचं, ही कल्पना तेव्हा जगभर पसरत होती. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाने १७ मे १९९९ रोजी 'सेटी ॲट होम' हा प्रकल्प लोकांसाठी खुला केला. म्हणजे आपली सोसायटी उभी राहत होती त्याच सुमारास. पोर्तो रिकोतल्या अरेसिबो इथल्या प्रचंड रेडिओ दुर्बिणीने आकाशातून टिपलेले संकेत तपासायचे आणि परग्रहावरून कुणी हाक मारतंय का ते पाहायचं. माहिती एवढी होती की ती चाळायला मोठा महासंगणक परवडेना. मग तिचे छोटे तुकडे करून इंटरनेटवरून घरोघरी पाठवले. ज्याचा कॉम्प्युटर रिकामा, त्याने एक तुकडा सोडवून परत पाठवायचा. काही वर्षांत पन्नास लाखांवर लोकांनी नावं नोंदवली. पगार नाही, मानधन नाही, वीजबिल आपलंच. (आमच्या सौ. या वाक्याशी पूर्ण सहमत आहेत.)

परग्रहावरची हाक काही सापडली नाही, आणि ३१ मार्च २०२० ला तुकडे पाठवणं थांबलं. पण त्याच धर्तीच्या 'आइनस्टाईन ॲट होम' प्रकल्पात २०१० साली एक नवा पल्सार, म्हणजे वेगाने फिरणारा मृत तारा, सापडला. ज्या कॉम्प्युटरांनी तो टिपला ते अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीतल्या एका गृहस्थाच्या मालकीचे होते. तेव्हा हा निव्वळ खेळ नव्हे.

आता मुद्द्यावर येतो. पैसे द्यायचे नाहीत, पण केलेल्या कामाची नोंद तरी हवी ना? म्हणून प्रत्येकाच्या खात्यावर 'क्रेडिट' जमा होऊ लागलं. हे सगळं सांभाळणारी 'बॉइंक' नावाची व्यवस्था बर्कलीच्याच डेव्हिड अँडरसन यांनी २००२ पासून उभी केली. तिथल्या क्रेडिटच्या नाण्याचं नाव 'कॉबलस्टोन', सेटीतले सहकारी जेफ कॉब यांच्यावरून. आजची व्याख्या अशी: सेकंदाला शंभर कोटी दशांशी आकडेमोडी करणारा कॉम्प्युटर दिवसभर राबला, की त्याचे २०० कॉबलस्टोन.

पण तुमचा कॉम्प्युटर सेकंदाला किती आकडेमोड करतो हे ठरवायचं कुणी? सुरुवातीला ते तुमचाच कॉम्प्युटर ठरवायचा. बॉइंक त्याच्याकडून एक ठरावीक चाचणी करून घ्यायचं आणि वेगाचा आकडा निघायचा. काम झालं की लागलेला वेळ गुणिले तो वेग, एवढं क्रेडिट कॉम्प्युटर मागायचा. म्हणजे ओव्हरटाइमची स्लिप ज्याची त्याने भरायची!

बँकवाले लगेच विचारतील, चेकर कोण? तो होता. प्रत्येक तुकडा दोन-तीन वेगवेगळ्या घरी पाठवायचे आणि उत्तरं जुळली तरच ग्राह्य धरायचे. याला त्यांनी शब्दही आपलाच वापरला, कोरम! क्रेडिट देताना तिघं असतील तर मधली मागणी मंजूर, दोघंच असतील तर कमी असलेली. लबाडी टाळण्यासाठी नियम चांगलाच होता.

घोळ झाला तो वेगळ्याच जागी. कॉम्प्युटर म्हणजे बँकेची इमारत समजा, तर ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे तिथला मॅनेजर. कुणाकडे विंडोज, कुणाकडे लिनक्स, कुणाकडे मॅक. मी एकाच कॉम्प्युटरवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही बसवून घेतलं होतं. यंत्र तेच, प्रोसेसर तोच, वीज तीच. पण लिनक्सवर चाचणीचा आकडा कमी यायचा. असा अनुभव जगभरच्या लिनक्सवाल्यांना येत होता.

याचं कारण समजायला सोपं आहे. प्रोग्रॅम माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहितात, मग कंपायलर त्याचं यंत्राच्या भाषेत भाषांतर करतो. विंडोजसाठी भाषांतरकार एक, लिनक्ससाठी दुसरा. मजकूर एकच, पण एकाने चार वाक्यांत सांगितलं, दुसऱ्याने सात. म्हणजे चाचणीत यंत्राबरोबर भाषांतरकाराचंही कसब मोजलं जात होतं. आणि शास्त्राचा खरा प्रोग्रॅम वेगळा, त्याचं भाषांतर वेगळं. त्यामुळे लिनक्सवर खरं काम तितक्याच वेळात झालं, तरी मागणी कमी जायची.

पुढची गंमत बघा. कल्पना करा, एकच तुकडा विंडोजवाल्याकडे आणि लिनक्सवाल्याकडे गेला. पहिल्याने २० मागितले, दुसऱ्याने १२. नियमाप्रमाणे दोघांनाही १२! लिनक्सवाला म्हणतो माझं माप खोटं, विंडोजवाला म्हणतो याच्या जोडीला पडलो म्हणून माझे आठ गेले. दोघंही खरे, आणि दोघंही नाराज.

याहून वाईट म्हणजे कुणी प्रोग्रॅम सुधारून तेच काम निम्म्या वेळात केलं, तर वेळ निम्मा म्हणून क्रेडिटही निम्मं. आमच्या वेळी बँकेत हेच असायचं. जो साडेपाचला टॅली करून निघाला त्याला काही नाही, जो रात्री आठपर्यंत फरक शोधत बसला त्याला ओव्हरटाइम.

बॉइंकचा प्रोग्रॅम सर्वांना खुला होता. लोकांनी तो स्वतःच नव्याने कंपाइल करून चाचणीचा आकडा वर नेला. काहींनी तो विंडोजच्या बरोबरीला आणला, काहींनी हात जरा सैल सोडला. आता खरा कोण आणि फुगवलेला कोण, हे कळेना. फुकटच्या गुणांवरून माणसं हिरिरीने भांडत होती. हसू नका, आपल्या पार्किंगच्या सभेत मी याहून जास्त आवाज ऐकलेत.

उपाय टप्प्याटप्प्याने आला. २००६ मध्ये सेटीने घड्याळ बाजूला ठेवून प्रोग्रॅमने प्रत्यक्ष किती आकडेमोड केली ते मोजायला सुरुवात केली. आइनस्टाईन ॲट होमने अजून सोपं केलं: एका जातीच्या तुकड्याला ठरलेलं क्रेडिट, मग तुम्ही विंडोज वापरा नाहीतर लिनक्स, दोन तासांत करा नाहीतर दहा. चलाख यंत्राला फायदा आपोआप, कारण ते दिवसात जास्त तुकडे सोडवतं. काही ठिकाणी केंद्रातला सर्व्हरच सगळ्यांच्या नोंदी एकत्र पाहून सरासरीने माप लावू लागला. थोडक्यात, मोजपट्टी काम करणाऱ्याच्या हातातून काढली आणि झालेल्या कामाला लावली.

ऑपरेटिंग सिस्टिमचा फरक फक्त गुणांपुरता नव्हता. जिनिव्हाजवळ २७ किलोमीटर घेराच्या बोगद्यात सर्नचा प्रचंड कण-त्वरक आहे. त्यासाठी २००४ साली 'एलएचसी ॲट होम' सुरू झालं. काही कण त्या वर्तुळात लाखो फेऱ्या मारताना मार्गावर राहतात की भरकटतात, याचं गणित घरोघरच्या कॉम्प्युटरवर व्हायचं. तिथे उत्तरंच जुळेनात! कुठलंही यंत्र चुकीचं नव्हतं. लॉगरिदमसारख्या गोष्टी काढताना कुणी शेवटचा अंक वर नेला, कुणी खाली. आपण व्याजात पैशाचा फरक सोडून देतो. पण इथे पहिल्या फेरीतला तो पैसा लाखाव्या फेरीपर्यंत फुगून कणाचा मार्गच बदलायचा. शेवटी त्यांनी फ्रान्समध्ये तयार झालेली एक खास गणिती लायब्ररी वापरली, जी कुठल्याही यंत्रावर शेवटच्या अंकापर्यंत एकच उत्तर देते. दुसऱ्या काही प्रकल्पांनी एक तुकडा एकाच जातीच्या यंत्रांना पाठवायचा नियम केला.

आता तुम्ही म्हणाल, काका, याचा आपल्या सोसायटीशी काय संबंध? आहे. सोसायटी पण फुकट राबणाऱ्यांवरच चालते. पंचवीस वर्षांत कुणी टाकी साफ करताना उभं राहिलं, कुणी हिशोब लिहिले, कुणी महापालिकेत खेटे घातले. एक रुपया घेतला नाही. पण स्वयंसेवकाला पैसे नको असले तरी नोंद खरी हवी असते. ती वाकडी दिसली की तो भांडतो, आणि भांडून काही झालं नाही की गुपचूप यायचा बंद होतो. त्या प्रकल्पांतूनही काही माणसं अशीच निघून गेली. वीजबिलाने थकली नव्हती, बारा-वीसच्या हिशोबाने थकली.

मेंटेनन्सचंही तेच. सेवाशुल्क सर्व फ्लॅटना समान, पाणीपट्टी नळांच्या संख्येवर आणि आकारावर, दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या टक्क्यावर, असं आदर्श उपविधी सांगतात. म्हणजे प्रत्येक गोष्टीला तिचं तिचं माप. चौरस फुटांची एकच पट्टी सगळीकडे लावली की वाद होतो. त्यात कुणी लबाड असतो असं नाही, पट्टीच चुकीची असते.

समितीत आता तरुण मंडळी येत आहेत. पुनर्विकासाची चर्चा सुरू आहे आणि कोण किती राबलं हा प्रश्न पुढे पुष्कळ निघणार आहे. माझी विनंती एवढीच. सभेत किती तास बसलो, किती मोठ्याने बोललो, यावर श्रेय मोजू नका. पूर्ण झालेलं काम लिहा, दुसऱ्या एकाने ते तपासावं, आणि सारख्या कामाला सारखंच श्रेय द्या, करणारा ए विंगचा असो नाहीतर डी विंगचा, मालक असो नाहीतर भाडेकरू. दोन सभासदांचे आकडे जुळले नाहीत तर लगेच कुणाला खोटं ठरवू नका. आधी दोघं एकाच मापाने मोजताहेत का ते विचारा. माझ्या नोकरीच्या वर्षांत ताळेबंदातले बरेचसे फरक या एका प्रश्नाने सुटले.

आमच्या घरचा जुना कॉम्प्युटर अजून चालू आहे, त्यावर आता फक्त लिनक्स आहे. ज्या मुलांना हे तारे शोधण्याचं काम पाहायचं असेल त्यांनी रविवारी सकाळी दहानंतर या. चहा मुलांना मिळणार नाही, पण लाडू मिळतील.

 संस्थेला पुढच्या पंचवीस वर्षांसाठी शुभेच्छा.